कुकूच

बत्तीस वर्षं मी पट्ट्या सोडतोय,
आधी कळव्याला, मग इथे ऐरोलीत,
जिथे ड्रेसिंगच्या खोलीला एकच खिडकी
आणि खिडकीत खाडीचा चिखल, तिवरं,
पलीकडे पुलावरचे ट्रक.

पोरं मला चपलांच्या आवाजावरून ओळखायची.
मढवीकाका आले, की अख्खा वॉर्ड
चादरीत शिरायचा.

तेव्हा जाळीचं गॉज असायचं, मलमात बुडवलेलं.
रात्रीतून ते जखमेशी सोयरीक जमवायचं
आणि सकाळी मोडायचं काम माझं.
सलाइन ओतायचं, थांबायचं, आणखी ओतायचं,
तरी शेवटचा कोपरा
कोवळ्या कातडीचा पापुद्रा घेऊनच यायचा.
रोज.
मी हातमोजा फुगवून कोंबडा करायचो,
पाच बोटांचा तुरा, पेनाने डोळा,
‘कुकूच’ म्हणायचो आणि ओढायचो.
शेवटचा ‘कू’ किंकाळीत जायचा.

सानपाड्याची एक मुलगी, फ्रॉकला फुलबाजी लागलेली,
अकराव्या दिवशी ओरडलीच नाही.
नुसती छताकडे बघत राहिली.
त्या रात्री मी जेवलो. झोपलोसुद्धा.
हे लपवत नाही.

आता रेवण. वय तीन.
घणसोलीच्या एका खोलीत
ओट्यावरचं पातेलं ओढलं त्याने,
दूध खांद्यावरून पाठीवर.
बाप मार्केटात कांद्याची पोती वाहतो.
डॉक्टरांनी भूल देऊन जखम धुतली, वर ठेवला
फोमचा करडा तुकडा,
कडेच्या धड कातडीला धरून राहणारा,
जखमेला न धरणारा.
किंमत बापाने दोनदा विचारली.
दोन्ही वेळा तेवढीच होती.
टोळीतल्या लोकांनी मिळून भरले पैसे,
नोटांना कांद्याचा वास.

यात काय असतंय वो, आई विचारते.
चांदी, मी म्हणतो. डोळ्यांना न दिसणारी. जंतू मारते.
चांदी?
ती आपल्या जोडव्यांकडे बघते.
बारशाला आत्या वाळे आणणार हुती ह्याला.
ऱ्हाऊनच गेलं बघा.

पट्टीच्या कडेला तारीख लिहिली.
सात दिवस उघडायचं नाही.

न उघडता कसं कळणार, ती तिसऱ्या दिवशी म्हणाली.
तिचं बरोबरच होतं.
ताप बघायचा, वास बघायचा, डाग कडेपर्यंत येतो का ते बघायचं,
बाकी आत काय चाललंय
ते आतल्याआत चालू द्यायचं.
दुधाने पोळलेली माणसं ताक फुंकून पितात म्हणतात.
ही तर फिल्टरचं पाणी फुंकून पाजत होती पोराला.

आणि मी?
पाचव्या दिवशी दोनदा जाऊन आलो त्या खाटेपाशी.
काम काहीच नव्हतं.
हात खिशात घातले, बाहेर काढले,
शेजारच्या खाटेचं सलाइन उगाच तपासलं.
इतक्या वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं
जखमेजवळ नुसतं उभं कसं राहायचं.

सातव्या दिवशी कोपरा उचलला.
कोमट पाण्याचे चार थेंब, बस.
सुटत आलं सगळं, न दुखवता,
जशी दुधावरची सा...
जीभ चावली. आई समोरच होती.

खाली गुलाबी. ओलसर. जिवंत.
खांद्याजवळ रुपयाएवढी जागा अजून कच्ची,
तिथे आणखी एक तुकडा लागेल, डॉक्टर म्हणाले,
बापाने मोबाइल काढला, नंबर शोधू लागला.

रेवण पालथा पडून माझ्याकडे बघत होता.
घाबरलेला नव्हता. वाट बघत होता.
कोंबडा, तो म्हणाला.
कुणी सांगितलं त्याला, देव जाणे,
चार नंबरच्या पोराने असेल.

मी हातमोजा फुगवला. दम पुरेना, वय झालं,
तुऱ्याचं एक बोट लुळंच राहिलं.
पेनाने डोळा काढला.
‘कुकूच’ म्हटलं,
आणि सवयीने थांबलो.

हातात ओढायला काहीच नव्हतं.
तो वाट बघत होता.

कू, मी म्हणालो,
आणि तो ‘कू’ खोलीत चांगला लांबला,
इतका की बाहेरून सिस्टर फ्लोरी ओरडली,
काका, हळू!