सातव्या ओळीतला एकोणिसावा

हिमीला डिसेंबरात गडगडतं.
बर्फाच्या आधी. समुद्रावर.
बुरी मासे जागे होतात त्यानं, असं कोळी म्हणतात.
आईनं कोतात्सूची रजई गुडघ्यांवर ओढली
आणि खोक्याचं झाकण काढलं.
हजार तुकडे. कोल्ह्याचं लग्न.

झाकणावर
उन्हातला पाऊस, तिरक्या रेघांचा,
दोन पायांवर चालणारे कोल्हे, हातात कागदी कंदील,
चेहरे वऱ्हाडातल्या काकांसारखे गंभीर,
आणि मधोमध, पांढऱ्या टोपाखाली नवरी.
सगळं जमलंय तिला,
नाक तेवढं लांब राहून गेलंय.

मी आधी कडा लावते.
आई कडेला हात लावत नाही, रंगही बघत नाही.
तुकडा पालथा करते, करडी बाजू वर,
आणि बोटानं वाचते.
'हा इथला,' म्हणते.
तो इथलाच असतो.

कारण साचा बाबांचा.
कुमाझो ओगिता. अडतीस वर्षं
डोंगरापलीकडच्या कारखान्यात
पोलादी पाती पकडीनं वाकवून
फळीच्या चिरेत ठोकत बसलेला माणूस.
चित्रं बदलायची: बगळे, लांब नाकाचा तेंगू,
तळ्याकाठी काकडी खाणारा कप्पा,
बर्फातली ती बाई, जिच्या फुंकरीनं वाटसरू गोठतो.
वर लाट छापा नाहीतर वरात,
खाली वळणं बाबांच्याच हाताची.
साचा बोथट झाला की तसाच दुसरा.
निवृत्त झाले त्या दिवशी तीन जास्तीचे करून आले.

आणि दर हिवाळ्यात, दर खोक्यात
एक तुकडा कमी.
तेंगूचा कान. बगळ्याचा अर्धा डोळा.
शाळेत असताना मी कारखान्याला पत्रं लिहिली,
रागानं, पण सुवाच्य अक्षरात.
बाबाच ती घरी घेऊन आले,
जेवताना मोठ्यानं वाचली.
आई भाताच्या वाडग्यात बघत राहिली.

यंदा नवरीचा चेहरा गेला.
मी रजई झटकली, संत्र्यांची सालं उपसली,
मांजराला उचलून खाली पाहिलं.
मग पहिल्यांदाच मोजलं:
सातवी ओळ, एकोणिसावं भोक.

आई उठली, टेबलाला धरून.
शिवणाच्या पेटीतून चहाचा पत्र्याचा डबा आणला
आणि माझ्यापुढे उपडा केला.

एकेचाळीस तुकडे.
आकार एकच,
डोकं डावीकडे कललेलं,
जसा बाबांचा उजवा अंगठा
यंत्रात सापडून वाकडा जुळून आला होता.
'लग्न ठरायच्या आधी मी विचारलं होतं,
दुखतो का म्हणून,' आई म्हणाली.
'काही बोलला नाही.
पुढच्या महिन्यात एक खोकं पाठवलं.'

मी ते एकमेकांना लावून पाहिले. सवय.
लागत नाहीत.
सगळे एकाच जागेचे,
शेजारी बसणारच नाहीत,
बसले तर एकावर एक.
रचले. चहाच्या पेल्याएवढी चळत झाली:
लाट, पंख, बर्फ, धूर, पुन्हा बर्फ.
सगळ्यांत वर नवरी,
अजून शाईचा वास असलेली.

'दे ती,' मी म्हटलं.
आईनं चळतीवरून बोट फिरवलं,
न बघता मधलाच एक ओढला.
'हे घे. कप्प्याचं तळं.'
'अगं, पण चेहरा...'
'कोल्हीण आहे ती. तिला कुणी विचारतं का,
हा कुठला आणलास म्हणून?'

दाबला. टक् झालं.
पांढऱ्या टोपाखाली आता हिरवं पाणी आहे,
एक कमळपान
आणि काकडीचं टोक.
कंदीलवाले पुढे बघून चाललेत.

आईनं डब्याचं झाकण लावलं,
उघडलं,
पुन्हा लावलं.
बाहेर गडगडलं, खिडकीची काच थरथरली.
'उठले मासे,' ती म्हणाली.
'उद्या लवकर जायला हवं बाजारात.'