सव्वाच्या आट्यात दीडचा

रे रोडला लाकडाच्या वखारी संपतात
तिथे परकारांचं गॅरेज. वर पत्रा,
खाली ऑइल पिऊन पिऊन काळी पडलेली फरशी.
पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं,
कॅलिपर तारेने वर टांगलेला.
"नळीवर वजन नाय येऊ द्यायचं," ते म्हणाले,
दुखऱ्या माणसाचा हात उशीवर ठेवावा तसे.

वरचा बोल्ट निमूट आला.
खालचा नाही.
त्याला रॉकेल पाजलं, हातोडीने टकटक समजावलं,
गॅसची निळी ज्योत फिरवली भोवती,
मग निघाला किरकिरत, एकेका वेढ्याला अडत,
आणि येताना आट्यांत अडकवून घेऊन आला
चकचकीत लोखंडी कीस.

परकारांनी चष्मा कपाळावर सारला,
पिच मोजायची पातळ पट्टी भोकात घालून पाहिली,
मग बोल्टवर.
"भोक सव्वाचं. बोल्ट दीडचा.
कोण तो दीडशहाणा?"

पत्र्यावर कावळा चालत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

अँटॉप हिल, बिल्डिंगच्या मागची बाजू, तीन वर्षांपूर्वी.
जुन्या बोल्टचं डोकं झिजून गोल झालेलं,
नवा मी नागदेवीतून आणला होता
मुठीत जुना घेऊन, नजरेने जुळवून:
तीच जाडी, तीच लांबी, अजून काय बघायचं?
विदूने मोबाइलचा उजेड धरलेला.
आयटीआयचा फिटर तो, मी हिशेबनीस;
पण गाडी माझी, म्हणून पाना माझ्या हातात.
"दादा, हाताने फिरत नाहीये. थांब जरा."
मी पान्याला पाइप लावला.
आतून काहीतरी बारीक चिरडल्याचा आवाज आला
आणि बोल्ट गेला. "बघ! गेला की नाही?"
विदूने उजेड बंद केला.

त्यानंतर आईच्या खोलीचे कागद आले.
तिथेही पाइप लावला मी.

परकार आता भोक मोठं करतायत.
बिघडलेलं सगळं आधी काढून टाकायचं,
मग नवे आटे पाडायचे, तेल सोडत,
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
अर्धा पुढे, पाव मागे.
"मागे यायचं कशाला?" मी विचारलं.
"कचरा तुटतो. नुसता पुढे गेलास तर टॅप आतच मोडेल,
मग बस रडत."

हवा मारली. मग कागदाच्या पुडीतून
तारेचं एक वेटोळं काढलं, करंगळीच्या पेरापेक्षा लहान,
आणि भोकात अलगद फिरवत बसवलं.
वेटोळ्याच्या तळाशी आडवी शेपटी असते,
तिला धरूनच ते आत उतरतं;
बसलं की ती शेपटी टचकन मोडून टाकायची.
चिमट्याने काढून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.
एवढीशी. फुंकर मारली असती तर गेली असती.

नवे बोल्ट. माथ्यावर कोरलेलं दहा पॉइंट नऊ.
निळ्या औषधाचा एक थेंब.
"घे, लाव," ते म्हणाले. "बोटांनी.
पाना मी सांगेन तेव्हा."

बोटांनी. एक, दोन, तीन, चार फेरे
लोण्यात सुरी जावी तसा, कुठे अडणं नाही,
आणि मला उगाचच घशाशी आलं.
शेवटी टॉर्कचा लांब पाना: टक्.
"बास. टक् म्हणजे बास. पुढे एक केस नाय."

पैसे देताना त्यांनी तो जुना बोल्ट चिंधीत गुंडाळून दिला.
"ज्याने मारला होता त्याला दे."
"देतो," म्हटलं.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत,
हाताला लाकडाचा भुसा चोळत मोरीकडे गेले.

दारूखान्याच्या रस्त्याला तीनदा ब्रेक मारून पाहिला.
तिन्ही वेळा गाडी सरळ थांबली.
तिसऱ्यांदा मागच्या ट्रकवाल्याने शिव्या घातल्या
तरी मी तिथेच उभा, शर्टाचा खिसा एका बाजूला ओढलेला,
मोबाइलवर विदूचं नाव उघडून
अर्धा पुढे, पाव मागे.