बाक, लांबी दोन मीटर

वुच म्हणजे होडी, नाव.
आमच्या शहराचं नावच नाव,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली, पाइपात.
यावर आम्ही कचेरीत फारसं हसत नाही.

व्झोसेकबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा
हातात नागरिकांच्या अंदाजपत्रकाचा फॉर्म होता.
प्रभागातल्यांनी सुचवायचं, त्यांनीच मत द्यायचं,
पैसे पालिकेचे. योजना नवी होती;
साहेब तिला लोकशाही म्हणत, आम्ही जादा काम.
बाईंनी मागितला होता एक बाक.
लाकडी, पाठ असलेला, लांबी दोन मीटर,
कापडगिरणीच्या फाटकासमोर, लिंडनच्या झाडाखाली.
'कारण' या रकान्यात एकच शब्द: गुडघे.

पंधरा सह्या हव्या होत्या, एकवीस आणल्या.
कागदाला कोळशाच्या शेगडीचा वास होता.
मतं पडली तीनशे सात. बाक मंजूर.

दरम्यान त्यांच्या इमारतीचं पुनरुज्जीवन निघालं.
कागदोपत्री दोन वर्षांसाठी बाई गेल्या
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नवव्या मजल्यावर.
दोनाची पाच झाली.
इमारत आता देखणी आहे. शेगड्या गेल्या,
जिन्यात उजेड आला,
तिथल्या पोरांना आता खोकला नाही, हेही लिहायला हवं.
भाडं मात्र असं
की बाईंचं पेन्शन उंबऱ्यातच बसकण मारेल.

काल परत आल्या. पिशवीतून मोजायची फीत काढली.
"दोन ट्राम बदलून रोज जाऊन बसते," म्हणाल्या.
"मंजूर दोन मीटर. बसवलाय एक मीटर ऐंशी.
वीस सेंटिमीटर कुणी खाल्ले?"
मी म्हटलं, बाई, वीस सेंटिमीटरनं काय होतंय?
"शेजारी यानिना बसते. ती जाडी आहे."
एकतीस वर्षं त्या गिरणीत कापड मोजलेली बाई,
मापात पाप तिला
फीत न लावताही दिसलं असणार.

तक्रार लेखी दिली, रीतसर, निळ्या शाईत.
प्रश्न पाचवा: आपण या प्रभागाचे रहिवासी आहात का?
बाईंनी लिहिलंय: अजून.

कॉम्प्युटर 'होय' घेतो, नाहीतर 'नाही'.
पावणेचार झालेत.
खिडकी चारला बंद होते.