अधिवासाचा रकाना

राधानगरीच्या पुढं एका वळणावर डांबर संपतं.
तिथून बमू लांबोर पुढं, मी मागं.
माझ्या गळ्यात टेप, हातात छापील फॉर्म,
त्याच्या मुठीत मिठाची पुरचुंडी, जळवांसाठी.

झाडाचं नाव : नरक्या.
पान चुरगाळलं की नावाचा खुलासा होतो.
माळ्यावर उंदीर मरून आठवडा झालाय
आणि घरात पाहुणे आलेत, असा वास.
"म्हस बी तोंड लावत न्हाई," बमू म्हणाला,
"देवराईत बी ह्यो मागच्या रांगंत हुबा."

स्थिती : असुरक्षित.
हे वरूनच छापून आलंय.
मी फक्त बरोबरची खूण करायची.

अधिवास.
इथं चार ओळी मोकळ्या.
सदाहरित वन, उंची समुद्रसपाटीपासून,
इतकं लिहिलं आणि त्यानं विचारलं,
"अधिवास म्हंजी?"
राहायचं ठिकाण.
"मग आसं लिव्हा.
जिथं ऊन येतं ते एक म्हस पिळून हुईस्तवर,
आन माघारी जातं.
जिथं चैतात बी पाचोळ्याखाली हात घाटला
तर नखाला गारवा लागतो.
अंजनीच्या, पिशाच्या काखंत,
थोरल्यांच्या सावलीत धाकल्यावानी.
आन जिथनं गाडीरस्ता दिसत न्हाई."

चार ओळींत मावलं नाही.
मी समासात लिहिलं, आडवा कागद धरून.

गाडीरस्त्याचं तो आपणहून बोलला.
ट्रक रात्री यायचा, काटा ट्रकातच.
किलोला तीन रुपये,
साल, लाकूड, मुळी, सगळं एका भावात.
पोटासाठी केलं, असं काही तो म्हणाला नाही.
म्हणाला, "कुऱ्हाड लई सरळ चालायची माझी."
ठकूबाई त्याला अंगरखा दाराबाहेर काढायला लावायची.
आठ-आठ दिवस भाकरीला तोच वास.

मग मी सांगितलं. सांगायचं नव्हतं.
माझी मामी, शाहूपुरीतला दवाखाना,
खिडकीकडची खाट,
आणि नळीतून थेंब थेंब उतरणारं औषध,
ह्याच झाडातल्या कशापासून तरी केलेलं.
पाण्यासारखं नितळ. वास कसलाच नाही.

बमू एका खोडक्यावर टेकला.
"जगल्या काय?"
दीड वर्ष.
तो बोटांची पेरं मोजत राहिला, बराच वेळ.
"दीड वरसाला किती झाडं लागली आसतील?"

मला माहीत नव्हतं.
त्यासाठी रकानाही नव्हता.

तो बसला होता त्याच खोडक्याला
बुडाशी धुमारे होते, पेन्सिलीएवढे.
"तोडल्यानं ह्यो मरत न्हाई," तो म्हणाला.
"मुळी उपटली की मरतो."
थांबला. पायाची जळू मिठानं सोडवली.
"आमी मुळी बी उपटली."

दिवस कलेपर्यंत सतरा झाडं.
बहुतेकांचा घेर माझ्या मनगटाएवढा.
नर चौदा. मादी दोन.
तिसरी ओढ्याच्या वरच्या अंगाला,
काळ्या-जांभळ्या फळांनी वाकलेली,
बुलबुलांची भांडणं चाललेली तिच्यात.
मी टेप सोडवला तसा बमूनं हात धरला,
कुऱ्हाडीचा हात, अजून जड.
"हिला लिव्हू नगासा.
कागूद कुठं जातोय, कोण वाचतंय,
तुमास्नी तरी ठावं हाय काय?"

मी बेरीज सोळा लिहिली.
खाली सही केली, तारीख घातली.
पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिली खोटी बेरीज.
ओढ्याचं नाव इथंही देत नाही.

रंकाळा स्टँडपर्यंतच्या एसटीत
शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती.
मग उठून पुढं गेली.
खिडकी उघडी होती, पाण्याची बाटलीही भरलेली होती.
हात मी घरी जाईपर्यंत धुतले नाहीत.