सांधणी

वडगावच्या विणकर सोसायटीत
सुताच्या गाठोड्यांमागे, लाकडी कपाटात
एक सर्व्हर चौदा वर्षं जागा आहे.
दारावर पाटी : आधी कन्नड, खाली मराठी.
आत दोन्ही पानं एकाच फोल्डरात, शेजारी शेजारी.
सुताचा भाव, मजुरीचा हिशेब, कुणाचं किती येणं.

हेस्कॉमची वीज गेली की तो जातो,
आली की खोकत उठतो,
आणि मल्लाप्पा ढवळी, आमचे सेक्रेटरी, म्हणतात,
"कशाला हात लावतीस? चालतंय की."

चालतंय.
हाच तर घोर आहे.

ज्यांनी तो लिहिला त्यांना मी ओळखत नाही.
त्यांनी पैसे मागितले नाहीत, आडनाव विचारलं नाही;
जगात कुठे कुठे बसून,
दिवसाची नोकरी संपवून,
एकेक ठिगळ लावत गेले.
परवा त्यांची दोन ओळींची सूचना वाचली :
या आवृत्तीला यापुढे ठिगळ नाही.
त्यात राग नव्हता.
दुकान बंद करताना फळ्या लावतात
तसा आवाज होता फक्त.

हुबळीहून एक पोरगा आला, कडक इस्त्रीचा शर्ट.
म्हणाला, मॅडम, सगळं क्लाउडवर टाकू,
महिन्याला इतके इतके.
लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.
पहिलाच रकाना : तुमचा प्रदेश निवडा.
मी हसले. त्याला कळलं नाही.
इथं हा प्रश्न
इतक्या सहज कुणी विचारत नाही, बाबा.

मग मीच एक नवा उतरवून घेतला,
हलका, चपळ,
तोही बिनपैशाचा, तोही अनोळख्यांचा.
जुन्याची सेटिंगं ओळ ओळ त्यात लिहीत बसले.
एकशे बाराव्या ओळीवर अडले.
सुहास सांबरेकर पुण्याला गेला, त्याला आठ वर्षं झाली.
त्यानं तिथं लिहून ठेवलेलं :
हे काढू नका. का ते नंतर सांगतो.

काढून बघितलं.
नोंदींतून सतरा माणसं नाहीशी झाली.
जुने फोन, जुन्या किल्ल्या,
नव्या कुलपाला बसेनात.
त्यांतला एक रोज पहाटे चार चाळीसला येतो,
फक्त ऐंशी नंबरच्या सुताचा भाव बघतो, जातो.
कोण, ठाऊक नाही.
माग सुरू करायच्या आधी
कुणीतरी आमच्या कपाटावर टकटक करतं, एवढंच.
जुनं कुलूप चोरालाही उघडतं, हे कळतं मला.
ओळ परत घातली.
झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खासबागेत
गौरव्वा मागाखाली बसलेली.
संपत आलेला ताणा, भरलेला नवा बीम,
दोन हजार चारशे टोकं.
जुन्या एकेका धाग्याला नवा धागा,
बोटाला राख, एक पीळ, पुढचा.
मी विचारलं, सगळं काढून नव्यानं का ओवत नाहीस?
मान वर न करता ती म्हणाली,
"वहीफणीतनं जायची वाट जुन्याला ठाऊक असती.
नवा त्याच्या मागनं जातो.
गाठी पार झाल्या की मग कापायचं."

त्या रात्री नवा सर्व्हर दारात बसवला,
जुना त्याच्या मागे, आतल्या खोलीत.
आलेल्याला नवा भेटतो,
उत्तर जुन्याला विचारून आणतो.
आणि सतरा जणांसाठी भिंतीला एक फट ठेवली :
तिथून भाव दिसतो, हिशेब दिसत नाही.

चार चाळीसला मी जागीच होते.
नोंद उमटली.
ऐंशी नंबर. भाव बघितला. गेला.

सकाळी ढवळी चष्मा पुसत म्हणाले,
"रात्रभर काय केलंस? काय बदललेलं दिसत नाही की."
मी बोटं बघितली.
राख नव्हती,
पण चोळत राहिले.