पाणीपातळी, दुपारी पावणेदोन

तीस वर्षं मी आवाजाची कळ सांभाळतो.
काचेपलीकडे एटेल्का बोद्रोगी,
तिचा चष्मा, पाण्याचं भांडं,
आणि पावणेदोनला
तिसा नदीची पातळी, सेंटिमीटरमध्ये:
टोकाय, तीनशे अठ्ठ्याऐंशी, चढती.
सोल्नोक, चारशे दोन, स्थिर.
मग कीशपार्त, चोंग्राद, सेगेद,
नदी ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने.
घाई केली नाही तिने कधी.
नदीच्या पुढे कसं जाणार, म्हणायची.

बातम्यांचं म्हणाल तर
ते केव्हाच बदललं होतं.
वरच्या मजल्यावरून पिवळा कागद यायचा:
'संप' म्हणू नये, 'गैरहजेरी' म्हणावं.
शिक्षक चौकात जमले
तर चौकातल्या वाहतुकीबद्दल बोलावं.
विरोधी उमेदवाराला पाच मिनिटं,
कायद्याप्रमाणे, घड्याळ लावून,
पहाटे चार पन्नासला,
पाववाले तेवढे जागे असताना.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना
ओंजळ कुणाची
हे विचारणंही आमचं सुटलं.

एटेल्का त्याच वर्षी बातम्या सोडून आली.
मला पाणी द्या, म्हणाली.
पाण्याला पक्ष नसतो.

एप्रिलात कीशपार्तचा नवा बांध.
रविवारी फीत कापायला मंत्री,
पुढच्या रविवारी मतदान.
गुरुवारी फोन आला. मीच घेतला.
सौम्य आवाज. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग:
कीशपार्तचा आकडा सध्या नको,
लोक उगाच घाबरतात.
'नोंद उपलब्ध नाही' एवढं पुरे.
मी आकडा खोडला. पेन्सिलीने,
जणू पेन्सिलीने खोडलं की कमी खोडलं जातं.
तिने वाचलं, जसं होतं तसं,
आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं.
कुठे पाणी मुरतंय ते दोघांना कळत होतं.
तिकडे कीशपार्तला ते मुरत नव्हतं,
चढत होतं.

शनिवारी पहाटे लोरिंत्स पालोताइच्या
एकेचाळीस मधपेट्या वाहून गेल्या,
काठच्या कुरणातून, माश्यांसकट.
त्याने फोन केला. शिव्या नाही दिल्या.
तुमचं ऐकूनच हलवतो मी पेट्या, म्हणाला,
बापही हलवायचा.
नोंद नाही म्हणालात,
मला वाटलं सांगण्यासारखं काही नसेल.

रविवारी फीत कापली. थेट प्रक्षेपण.
बँडच्या मागे पंपांची घरघर येत होती.
ती मीच कमी केली.

सोमवार.
टोकाय. सोल्नोक.
कीशपार्त, ती म्हणाली,
आणि थांबली.
पुढचे तीन शब्द समोर छापलेले होते.
आकडा तिला कुणी दिलाच नव्हता.

आमच्याकडे एक यंत्र आहे:
दहा सेकंद शांतता झाली
की आपोआप फौजी धून लागते.
सात. आठ.
मी हात लांबवून ते बंद केलं.
एकोणीस सेकंद
तिचा श्वास, खुर्चीची कुरकुर,
भांड्याला चष्म्याची काडी लागल्याचा बारीक आवाज
अख्ख्या मैदानभर गेला.
मग: चोंग्राद, सातशे एकतीस, चढती.

चौकशीत मी म्हणालो, यंत्र बिघडलं होतं.
एटेल्का म्हणाली, यंत्राला काही झालं नव्हतं.

ती आता तळघरात फितींवर चिठ्ठ्या डकवते.
पाणीपातळी तिच्याच आवाजात येते अजून,
जुन्या फितींतून कापलेले आकडे
संगणक जोडतो. चढती, स्थिर, उतरती.
'नोंद उपलब्ध नाही' तिच्या आवाजात
एकदाच सापडतं.
ते पुसायचं माझ्या हातात होतं.
पुसलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

पालोताइ दोन वाजता फोन करतो.
काही विचारत नाही,
काठीवर किती आहे ते सांगतो.
मी वहीत लिहून घेतो,
तारीख घालून, शाईने.