चौथी मोगरी

लिफुका बेटावर आम्ही चौघी बसतो
एका ओंडक्यावर, तुतीची साल कुटायला.
माझी मोगरी, मग तोआकासेची, मग म्हाताऱ्या सेइनीची,
आणि शेवटची माझ्या लुपेची.
टक् टक् टक् टक्.
हाताकडे बघावं लागत नाही, कान पुरतो.

एका सकाळी चौथी उशिरा पडली.
मग हातून सुटलीच, पायाशी आली.
पोर अकरा वर्षांची. बोटं आपली आपण नाचत होती.
मला वाटलं, आगाऊपणा करते.
मी रागावले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर तौफाने हातांचं नंतर पाहिलं.
आधी विचारलं, घसा कधी दुखला होता?
घसा?
घसे काय, पोरांचे दुखतातच.
वादळाने छप्पर नेलं त्या वर्षी
दिराच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा जण,
एका चटईवर पाच मुलं, नाकाला नाक.
एक खोकला की पाचही.
मिठाच्या पाण्याने गुळण्या करवल्या,
रविवारी ती देवळात गायला उभी राहिली
वरच्या पट्टीत, नेहमीसारखी.
तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला.
तो उतरला तर घोटा, मग मनगट,
जसं कुणी अंधारात घरभर काही शोधत फिरावं.

जे शोधत होतं, ते छातीत होतं.

पडद्यावर करड्या पावसात एक दार उघडमीट करत होतं.
तौफा म्हणाली, ही झडप. घशातल्या जंतूवर धावून गेलेलं
तिचंच अंग चुकून हिच्यावर धावून आलं.
जंतू केव्हाच मेला.
भांडण घरातच राहिलं.

दर अठ्ठावीस दिवसांनी सुई,
कुल्ल्यात, जाड, चार दिवस लंगडायला लावणारी.
नवा घसा नको, नवा ताप नको, म्हणून.
एकदा बोट आली नाही.
एकदा परीक्षा होती.
एकदा ती म्हणाली, आई, मला काही होत नाहीये,
आणि मला ते खरं मानायचं होतं.

सतराव्या वर्षी गायन खालच्या पट्टीत आलं,
मग मागच्या बाकावर.
विहिरीपासून घरापर्यंत तिला दोनदा बसावं लागे.
रात्री आडवी झाली की फुप्फुसात पाणी चढे,
तेव्हा भिंतीला पाठ लावून झोपायची,
आणि मी समोर, तिची हनुवटी वर-खाली होते का बघत.
पाकळ्या चिकटल्यात, तौफा म्हणाली.
दार आहे, पण उघडतं बोटभरच.

ऑकलंडला तिच्या छातीवर करवत चालवली
माझ्याहून तरुण एका माणसाने. त्याचे हात कोरडे होते.
मी त्याला आमच्या सालीचा एक तुकडा दिला,
त्याने घडी घालून खिशात ठेवला.

आता आत धातू आहे.
घरात सगळे झोपले की ऐकू येतो:
बारीक, घड्याळासारखा, नखाने कवडी वाजवावी तसा.
रक्त पातळ ठेवायला रोज एक गोळी,
आणि दर महिन्याला कुणी तरी ठरवतं
की रविवारी नारळाच्या दुधातली अळूची पानं
तिने किती खायची. थोडी, पण दर वेळी तेवढीच.
एका मुलाची आई विचारून गेली, मूल होईल का?
मी म्हटलं, तौफाला विचार.
लुपे आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं.

परवा ओंडक्यावर ती परत बसली.
तोआकासे, सेइनी, मी, सगळ्या जरा हळू कुटायला लागलो,
न ठरवता.
ती म्हणाली, नीट कुटा, मी काचेची नाही.
टक् टक् टक्, मग तिची,
आणि मधल्या फटीत तो दुसरा,
जो आमच्या कुणाच्याच तालात बसत नाही.

सेमिसी दारात आला, धाकटा.
आई, गिळताना दुखतंय.

मोगरी मी कुठे ठेवली, आठवत नाही.
दवाखान्यापर्यंत तो सारखा विचारत होता,
तू का पळतेस?